लग्नाच्या फॉर्मवर 'प्रोग्रामर' लिहिलं म्हणून अडलेला माणूस, ज्यानं जगाला कोड लिहायची शिस्त लावली

साल १९५७. नेदरलँड्समधलं आम्स्टरडॅम. एक तरुण लग्नाची नोंद करायला नगरपालिकेत गेला. फॉर्मवर व्यवसायाचा रकाना होता. त्यानं लिहिलं, प्रोग्रामर. कचेरीतल्या लोकांनी फॉर्म परत केला. असा कुठला धंदा असतो हेच त्यांच्या ऐकिवात नव्हतं. शेवटी पोरानं 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असं लिहून दिलं, तेव्हा कुठं नोंद झाली.

आज लग्नाच्या बायोडेटावर हाच शब्द असला की स्थळं चालून येतात. काळ बदलतो तो असा.

त्या तरुणाचं नाव एड्सगर डाइकस्ट्रा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्यांनी हे नाव 'डिज्कस्ट्रा' असं काहीतरी म्हणून तोंडी परीक्षेत घाबरत घाबरत घेतलेलं असतं. नकाशावरच्या दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची जी पद्धत अभ्यासक्रमात असते, ती याची. पण आज आपण त्या रस्त्याबद्दल फार बोलणार नाही. या माणसाचं त्याहून मोठं काम वेगळंच आहे. कोड लिहिणारे लोक आज ज्या पद्धतीनं कोड लिहितात, म्हणजे कंसात बांधलेले तुकडे, 'इफ-एल्स', 'व्हाइल'चे फेरे, स्वतःलाच हाक मारणारी फंक्शन्स, यातलं बरंचसं लोकांच्या अंगवळणी पडलं त्यात याचा मोठा हात आहे. आणि गंमत म्हणजे भाषेत नवीन काय आणावं यापेक्षा भाषेतून काय काढून टाकावं, या भांडणामुळं तो जास्त गाजला.

डाइकस्ट्राचा जन्म ११ मे १९३० चा, रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्र शिकवायचे, आई गणितातली. चार भावंडांत हा तिसरा. आधी त्याच्या मनात वकिली करायचं होतं, संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाची बाजू मांडायची स्वप्नं होती. पण १९४८ मध्ये शाळा संपली तेव्हा गणित आणि विज्ञानात मार्क एवढे चांगले पडले की घरच्यांनी आणि मास्तरांनी त्याला लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्राकडं वळवलं. आपल्याकडंही हे असंच होतं, त्यामुळं वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

१९५१ मध्ये वडिलांच्या वाचनात एक जाहिरात आली. इंग्लंडात केंब्रिजला तीन आठवड्यांचा वर्ग होता, कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम कसे लिहायचे याचा. पोरगा गेला. परत आल्यावर ही गोष्ट आम्स्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमधल्या व्हॅन वाइनगार्डन यांच्या कानावर गेली आणि मार्च १९५२ मध्ये डाइकस्ट्रा तिथं अर्धवेळ कामाला लागला. नेदरलँड्समधला पहिला प्रोग्रामर म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं.

पण काम करता करता त्याला एक प्रश्न खायला लागला. भौतिकशास्त्र म्हणजे भारदस्त विषय. आणि प्रोग्रामिंग? त्याला ना शास्त्र, ना नियम, ना कुणी मान देणारं. जुगाड करता येणारा माणूस म्हणजे चांगला प्रोग्रामर. तीनेक वर्षं झाल्यावर त्यानं हिंमत करून साहेबांना हे विचारलं. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नव्हता. व्हॅन वाइनगार्डन यांनी ऐकून घेतलं आणि समजावलं की कॉम्प्युटर आता कुठं जात नाहीत, या विषयाला अजून शास्त्र नसेल तर ते तयार करणाऱ्यांपैकी तू एक का होऊ नयेस. तिथून निघताना पोराचं आयुष्य ठरलं होतं. भौतिकशास्त्राची पदवी त्यानं घाईघाईनं उरकली.

रस्ता शोधण्याचा किस्सा याच काळातला. १९५६ मध्ये सेंटरचा आरमॅक नावाचा नवा कॉम्प्युटर लोकांना दाखवायचा होता. गणित न कळणाऱ्या पाहुण्यांनाही समजेल असं उदाहरण हवं होतं. एके दिवशी तो होणाऱ्या बायकोबरोबर, रिया डेबेट्सबरोबर, खरेदीला गेला होता. दमून दोघं एका कॅफेत कॉफी प्यायला बसले आणि तिथं वीसेक मिनिटांत, हातात कागद-पेन नसताना, त्यानं ती पद्धत डोक्यात जुळवली. नेदरलँड्समधल्या ६४ शहरांचा नकाशा घेऊन तिचं प्रात्यक्षिक झालं. छापायला मात्र त्यानं १९५९ उजाडू दिलं. तीन पानांचा लेख, बस्स.

आता मुख्य गोष्टीकडं येऊ. त्यासाठी तेव्हा कोड कसा लिहायचे ते आधी बघावं लागेल.

समजा तुम्ही एखाद्या सरकारी कचेरीत दाखला काढायला गेलात. खिडकी नंबर ३ वर सांगितलं, सातवर जा. सातवरचा म्हणाला, शिक्का असेल तर बारावर जा, नसेल तर परत तीनवर. बारावरून पाठवलं पाचवर. तुम्ही दिवसभर फिरताय. तेव्हाचा प्रोग्राम अगदी असा असायचा. ओळीमागून ओळ आज्ञा आणि मध्येमध्ये 'अमुक नंबरच्या ओळीवर उडी मार' अशी एक आज्ञा. तिचं नाव 'गोटू'. फोरट्रान ही त्या काळातली सगळ्यात गाजलेली भाषा. तिच्यात 'जर' लिहायचं म्हणजे तीन नंबर द्यायचे. उत्तर शून्यापेक्षा कमी आलं तर या ओळीवर, शून्य आलं तर त्या ओळीवर, जास्त आलं तर तिसरीकडं. 'नाहीतर' हा शब्दच नव्हता! कोड लिहिणारा माणूस विचारही तसाच करायचा, उड्यांमध्ये. कागदावर आधी बाणांचा फ्लोचार्ट काढायचा, मग त्या बाणांचे नंबर करायचे.

जानेवारी १९६० मध्ये युरोप आणि अमेरिकेतले तेरा जण पॅरिसला जमले आणि त्यांनी अल्गॉल ६० नावाच्या भाषेचा आराखडा पक्का केला. व्हॅन वाइनगार्डन त्या तेरांत होते, डाइकस्ट्रा नव्हता. ही भाषा बाजारात फोरट्रानसारखी चालली नाही. पण आजच्या जावा, सी, पायथन, जावास्क्रिप्ट यांची वंशावळ काढली तर वर कुठंतरी हिचं नाव सापडतंच. तिच्यात 'इफ-देन-एल्स' होतं. 'बिगिन' आणि 'एंड' या दोन शब्दांमध्ये आज्ञांचा गठ्ठा बांधता यायचा आणि त्या गठ्ठ्याच्या आत जन्माला आलेलं व्हेरिएबल गठ्ठा संपला की संपायचं, बाहेरच्यांना त्याचा त्रास नाही. आज महिरपी कंस टाकताना कुणाच्या मनातही येत नाही की ही सोय कधीतरी नवीन होती.

आणि अजून एक गोष्ट होती, जी जवळपास मागच्या दारानं आत आली. रिकर्शन.

रिकर्शन म्हणजे फंक्शननं स्वतःलाच हाक मारणं. तुम्ही लांब रांगेत उभे आहात आणि तुमचा कितवा नंबर आहे हे कळत नाही. तुम्ही पुढच्याला विचारता, तुझा कितवा? त्यालाही माहीत नाही, तो त्याच्या पुढच्याला विचारतो. असं करत करत प्रश्न पहिल्या माणसापर्यंत जातो. तो सांगतो, माझा पहिला. मग उत्तर एकेक वाढत मागं येतं. प्रत्येकानं एकच छोटं काम केलं आणि रांगेचा हिशेब लागला. गणितवाल्यांना हा विचार जुना. अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेत तो होताच. पण बऱ्याच लोकांना ही चैन वाटायची, मशीनवर परवडणार नाही असं वाटायचं. अल्गॉलच्या समितीत यासाठी खास शब्द ठेवायचा प्रस्ताव आला आणि तो पडला.

पुढं झालं असं की अहवाल लिहिण्याचं काम डेन्मार्कचे पीटर नाउर करत होते. फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांना आम्स्टरडॅमहून व्हॅन वाइनगार्डन यांचा फोन गेला. डाइकस्ट्राच्या वतीनंही तेच बोलत होते. अहवालात फक्त एक वाक्य घाला, एवढीच विनंती. फंक्शनच्या आत त्याचंच नाव आलं तर त्याचा अर्थ ते पुन्हा चालवायचं असा घ्यावा, अशा आशयाचं ते वाक्य. दिसायला साधं स्पष्टीकरण. नाउर यांना ते पटलं आणि त्यांनी घातलं. त्या एका वाक्यानं रिकर्शन अल्गॉलमध्ये आलं. समितीतल्या काहींना हा डाव आवडला नाही आणि पुढं तो 'आम्स्टरडॅमचा कट' म्हणून ओळखला गेला. कटच म्हणायचा तर प्रोग्रामिंगच्या इतिहासात एवढा फायद्याचा कट दुसरा दिसत नाही.

नुसतं वाक्य घालून भागत नाही, ते मशीनवर चालवून दाखवावं लागतं. डाइकस्ट्रा आणि त्याचा सहकारी याप झोनेवेल्ड यांनी इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या मशीनसाठी अल्गॉलचा कंपायलर लिहायला घेतला. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेल्या भाषेचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. दोघांनी ठरवलं की काम होईपर्यंत दाढी करायची नाही. ऑगस्ट १९६० मध्ये कंपायलर चालायला लागला. अल्गॉल ६० चा तो पहिला कंपायलर समजला जातो. झोनेवेल्डनं लगेच दाढी काढली. डाइकस्ट्रानं मात्र ती जन्मभर ठेवली. त्याच्या फोटोत दिसणारी दाढी ती हीच.

रिकर्शन बसवायला त्यांनी वापरला तो स्टॅक. लग्नाच्या पंगतीत ताटांची चळत असते तसा. शेवटी ठेवलेलं ताट पहिलं उचललं जातं. फंक्शननं दुसऱ्या फंक्शनला हाक मारली की आपलं अर्धवट काम एका ताटात ठेवायचं, नवं ताट वर ठेवायचं. ते काम संपलं की वरचं ताट उचलायचं आणि खालच्यात जिथं थांबलो होतो तिथून पुढं चालायचं. स्वतःलाच शंभर वेळा हाक मारली तर शंभर ताटं, गोंधळ शून्य. ही कल्पना त्याच सुमारास जर्मनीतही काही जण वेगळ्या कामासाठी वापरत होते, पण फंक्शन चालवण्यासाठी ती किती साधी आणि सरसकट वापरता येते हे डाइकस्ट्राच्या लेखामुळं लोकांना नीट समजलं. आज तुमचा प्रोग्राम कोसळतो आणि 'स्टॅक ओव्हरफ्लो' असा एरर येतो, तेव्हा चळत छताला टेकलेली असते, एवढंच.

यानं कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यात फरक पडला. आधी तो विचारायचा, आता कुठल्या ओळीवर जायचं? आता तो विचारायला लागला, या कामाचे छोटे तुकडे कोणते?

१९६२ मध्ये डाइकस्ट्रा आइंडहोवेनच्या तांत्रिक विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला. तिथं पाच-सहा जणांच्या टीमनं एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवली. एकाच वेळी अनेक प्रोग्राम एकच वस्तू मागायला लागले तर काय, हा प्रश्न तिथं आला. तुम्ही आणि अजून कुणी एकाच क्षणी ट्रेनचा शेवटचा एकच बर्थ बुक करायला बघता, तेव्हा दोघांनाही 'उपलब्ध' दाखवून दोघांनाही तिकीट दिलं तर? डाइकस्ट्रानं यासाठी सेमाफोर काढला. नाव रेल्वेच्या हात वर-खाली होणाऱ्या जुन्या सिग्नलवरून घेतलेलं. सिग्नल पडला की एकच गाडी आत, बाकीच्या बाहेर थांबणार. याच्या दोन क्रियांना त्यानं 'पी' आणि 'व्ही' अशी डच शब्दांवरून नावं दिली. जगभरची पोरं ती आजही पाठ करतात आणि पी म्हणजे काय, व्ही म्हणजे काय हे विचारायला जाऊ नये, हे शहाणपणही त्यांच्यात आपोआप येतं.

हे काम उत्तम झालं. पण विभागातल्या गणितवाल्यांना त्यात काही विशेष वाटेना. टीम फुटली. डाइकस्ट्रा नैराश्यात गेला, दवाखान्यात राहण्यापर्यंत वेळ आली. हा भाग त्यानं स्वतःच पुढं लिहून ठेवलाय, म्हणून सांगतोय. त्यातून बाहेर पडण्यासाठी १९६९ मध्ये त्यानं स्वतःच्या समाधानासाठी एक लांबलचक टिपण लिहिलं. विषय होता, मोठा प्रोग्राम बरोबर आहे अशी खात्री माणसाला वाटावी म्हणून तो कसा रचायचा. मथळ्यात शब्द होते 'स्ट्रक्चर्ड प्रोग्रामिंग'. वीसेक मित्रांना त्यानं प्रती पाठवल्या. त्यांनी झेरॉक्स काढून पुढं पाठवल्या, त्यांनी अजून पुढं. आजच्या भाषेत टिपण व्हायरल झालं.

त्याच्या वर्षभर आधी, मार्च १९६८ मध्ये, अमेरिकेतल्या कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम या मासिकात त्याचं एक पत्र छापून आलं होतं. विषय, गोटू वाईट का. मूळ लेखाचं शीर्षक साधं होतं, गोटूच्या विरोधातली बाजू अशा अर्थाचं. पण संपादकांना ते लवकर छापायचं होतं म्हणून त्यांनी त्याचं 'संपादकांस पत्र' केलं आणि शीर्षक बदलून टाकलं, 'गो टू स्टेटमेंट कन्सिडर्ड हार्मफुल'. ते संपादक होते निकलाउस विर्थ, ज्यांनी पुढं पास्कल भाषा बनवली. मथळा बदलल्यामुळं काय होतं हे सोशल मीडियावरच्या लोकांना सांगायला नको. पत्र गाजलं आणि 'कन्सिडर्ड हार्मफुल' हा शब्दप्रयोग कॉम्प्युटरवाल्यांत इतका रुळला की पुढची अनेक वर्षं कुणालाही कशावरही टीका करायची असली की हेच शेपूट लावायचे.

पत्रात आरडाओरडा नव्हता. मुद्दा शांत होता आणि तो अजूनही समजून घेण्यासारखा आहे.

परत त्या कचेरीत जाऊ. मी तुम्हाला खिडकी नंबर ७ समोर उभं असलेलं पाहिलं. नुसतं बघून मला सांगता येईल का, तुम्ही कुठून आलात, शिक्का झालाय का, कितव्यांदा आलात? नाही येत. तुमचा सकाळपासूनचा सगळा प्रवास माहीत असल्याशिवाय नाहीच येत. गोटूनं भरलेल्या कोडचं हेच दुखणं. एका ओळीवर बोट ठेवलं तरी त्या क्षणी परिस्थिती काय आहे हे कळत नाही, कारण त्या ओळीवर कुठूनही उडी मारून येता येतं.

आता गोटू काढा. फक्त एकामागून एक आज्ञा, इफ-एल्स, फेरे आणि फंक्शन ठेवा. मग प्रोग्राम कुठं पोहोचलाय हे सांगायला थोडीच माहिती लागते. कुठली ओळ, कुठल्या फंक्शननं हाक मारलेली, कितवा फेरा. झालं! माणसाची बुद्धी स्थिर गोष्टी चांगल्या ओळखते, काळाबरोबर सरकणाऱ्या गोष्टी तिला जड जातात, म्हणून कागदावरचा मजकूर आणि मशीनमध्ये प्रत्यक्ष घडणारी गोष्ट यांतलं अंतर कमी ठेवावं, हा त्याचा गाभा. आज प्रोग्राम फाटला की स्क्रीनवर फंक्शनांची आणि ओळींच्या नंबरांची जी उतरंड येते, ती बघा. डेव्हलपर त्यावरून दोन मिनिटांत चूक शोधतो. गोटूच्या जंगलात ती उतरंड आली असती तरी तिचा उपयोग झाला नसता.

गोटूशिवाय चालेल का, हा प्रश्न होताच. तर १९६६ मध्ये बोम आणि याकोपिनी या दोघा इटालियनांनी सिद्ध केलं होतं की क्रम, निवड आणि फेरा एवढ्या तीन गोष्टींत कुठलाही प्रोग्राम लिहिता येतो. पण येतो म्हणून लिहावाच असं नाही. यांत्रिकपणे गोटू काढून तोच गुंता वेगळ्या कपड्यात ठेवण्यात अर्थ नाही, हे डाइकस्ट्रानंही त्याच पत्रात स्पष्ट केलं होतं. तो भाग लोकांनी वाचला नाही. मथळा वाचला.

व्हायचं तेच झालं. एका बाजूला भक्त, दुसऱ्या बाजूला चिडलेले जुनेजाणते प्रोग्रामर, ज्यांची सगळी हुशारी उड्या मारण्यात होती. आयबीएमनं स्ट्रक्चर्ड प्रोग्रामिंगचा झेंडा उचलला खरा, पण त्यांच्याकडं त्याचा अर्थ गोटू बंद एवढाच उरला, अशी डाइकस्ट्राची तक्रार होती. १९७४ मध्ये डोनाल्ड क्नुथ यांच्यासारख्या तोलामोलाच्या माणसानं मोठा लेख लिहून दाखवलं की काही जागी गोटू ठेवला तर कोड उलट स्वच्छ होतो. मला विचाराल तर त्या भांडणात क्नुथ यांची बाजू जास्त समंजस होती. पण भाषा बनवणाऱ्यांना हलवलं ते डाइकस्ट्राच्या टोकाच्या भूमिकेनं. १९८७ मध्ये त्याच मासिकात कुणीतरी मूळ मथळ्याला 'हार्मफुल' ठरवणारं पत्र लिहिलं, मग त्या पत्राला 'हार्मफुल' ठरवणारं तिसरं आलं. डाइकस्ट्रानंही उत्तर दिलं, वैतागूनच.

मधल्या काळात भाषा गुपचूप बदलत होत्या. फोरट्रानला १९७७ च्या आवृत्तीत एकदाचं 'एल्स' मिळालं. सी भाषेनं गोटू ठेवला, पण सोबत 'ब्रेक' आणि 'कंटिन्यू' दिले, म्हणजे फेऱ्यातून मध्येच बाहेर पडायला सभ्य दरवाजा. चूक झाली की दूर उडी मारायची गरज असायची, तिथं पुढं 'ट्राय-कॅच' आलं. गोटूची एकेक गरज हेरून तिच्यासाठी एकेक नेमकी सोय काढली गेली. डेव्हलपरांना कुणी शपथ घालावी लागली नाही. हातात चांगलं हत्यार आल्यावर जुनं आपोआप गंजलं. जावामध्ये तर 'गोटू' हा शब्द राखीव ठेवलाय, पण तो काहीच करत नाही. वापराल तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. पायथनमध्ये तो नाहीच.

अर्थात गोटू मेला असं समजू नका. लिनक्सच्या कर्नलमध्ये चूक झाल्यावर आवराआवर करून बाहेर पडायला तो आजही सर्रास वापरतात आणि तिथं तो शोभतो. २०१४ मध्ये ॲपलच्या फोनमधली एक चूक जगभर गाजली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा पडली होती, त्यामुळं पुढची तपासणीच टाळली जात होती. गोटूवाल्या ओळीमुळं डाइकस्ट्राचं नाव पुन्हा निघालं. खरं तर तिथं कंस टाकले असते तरी निभावलं असतं.

१९७२ मध्ये त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला, म्हणजे कॉम्प्युटरमधलं नोबेलच. १९७३ मध्ये बरोज या अमेरिकन कंपनीनं त्याला संशोधक म्हणून घेतलं. काम काय? न्यूनेन गावातल्या आपल्या घरी बसून विचार करायचा आणि लिहायचं. हेवा वाटावा अशी नोकरी. न्यूनेन म्हणजे तेच गाव, जिथं व्हॅन गॉग काही काळ राहिला होता. तिथून तो टिपणं लिहायचा, फाउंटन पेननं, सुबक अक्षरात, प्रत्येकावर आपल्या नावाची आद्याक्षरं ई-डब्ल्यू-डी आणि क्रमांक. झेरॉक्स काढून ओळखीच्यांना पोस्टानं पाठवायचा. ते पुढं वाटायचे.

या टिपणांत त्याची जीभ भलतीच तिखट असायची. १९७५ च्या एका टिपणात त्यानं तेव्हाच्या बहुतेक भाषांचा उद्धार केलाय. बेसिक शिकून सुरुवात केलेल्या विद्यार्थ्यांचं डोकं पुन्हा सुधारणं जवळपास अशक्य, असं त्याचं मत होतं. आपल्याकडं ऐंशी-नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या क्लासला गेलेली एक अख्खी पिढी १०, २०, ३० असे ओळींना नंबर देत आणि 'गोटू १०' लिहीत बेसिकच शिकली. त्यातली कितीतरी पोरं पुढं उत्तम सॉफ्टवेअर लिहिती झाली, त्यामुळं इथं डाइकस्ट्राचा अंदाज साफ चुकला असंच म्हणावं लागेल. त्याचा अहंकारही प्रसिद्ध होता. कॉम्प्युटरवाल्यांत अहंकार मोजायचं एकक म्हणून 'नॅनो-डाइकस्ट्रा' असा विनोद चालायचा.

१९८४ मध्ये तो अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला गेला आणि १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथं शिकवत राहिला. विद्यार्थ्यांची परीक्षा तोंडी घ्यायचा, एकेकाला समोर बसवून, निवांत. स्वतः मात्र वर्षानुवर्षं कॉम्प्युटर वापरायचा नाही. शेवटी एक मॅकिंटॉश घेतला, तो ईमेल आणि इंटरनेटपुरता. घरी टीव्ही नाही. पियानोवर मोझार्ट वाजवायचा. बायकोबरोबर फोक्सवॅगनच्या गाडीतून अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं फिरायचा आणि त्या गाडीचं नाव ठेवलं होतं 'टूरिंग मशीन'. ॲलन ट्युरिंगच्या गणिती 'ट्युरिंग मशीन'वर केलेली ही कोटी. एवढा कडक माणूस असले विनोदही करायचा.

त्याचा वाद आजही दुसऱ्या रूपात चालू आहे. अलीकडं एक प्रोग्राम एकाच वेळी दहा कामं सोडून देतो, नेटवर्कवरून काही आणायला, फाइल वाचायला. सोडलेलं काम कधी परत येईल, अर्धवट पडलं तर कुणाला कळेल, याचा कोडकडं बघून पत्ता लागत नाही. परत तीच खिडकी नंबर ७. म्हणून आता भाषांमध्ये अशी सोय येतेय की कंसाच्या आत सुरू केलेली सगळी कामं कंस संपायच्या आत संपलीच पाहिजेत. कोटलिनमध्ये ती आहे, जावानं २०२३ च्या २१ व्या आवृत्तीत ती चाचणीसाठी दिली. तिला म्हणतात 'स्ट्रक्चर्ड कन्करन्सी'. नावातला पहिला शब्द कुठून आला ते आता सांगायला नको.

निवृत्तीनंतर कॅन्सर झाला तसा तो न्यूनेनला परतला. शेवटचं टिपण एप्रिल २००२ मधलं, क्रमांक १३१८. ६ ऑगस्ट २००२ रोजी तो गेला. ती सगळी टिपणं टेक्सास विद्यापीठानं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलीत, कुणालाही फुकट वाचता येतात. आणि ज्यानं टाइप करायचं टाळून जन्मभर पेननं लिहिलं, त्याच्या हस्ताक्षराचा कुणीतरी कॉम्प्युटरसाठी फॉन्ट बनवलाय.